पंचबाईची शिट्टी

"ओ पाव्हणं! डोळे हायत का बटनं? आत्ता ओढलेली रेघ हाय ती!"

जालिंदरने दचकून पाय उचलला. बेलापूरच्या शाळेमागच्या मैदानावर सकाळीच अवकाळी पाऊस शिंपडून गेला होता आणि फक्कीच्या रेषा नासलेल्या दुधासारख्या फुटल्या होत्या. एक मुलगी फक्कीचं घमेलं काखेत धरून, पाठीतून वाकून, मध्यरेषा नव्याने ओढत होती. त्या रेषेवर याच्या पायाचा आख्खा पंजा उमटला होता.

"रेघंचं एवढं काय मनावर घेता बाई," तो म्हणाला. "आमी तर तुडवायलाच आलोय."

"तुडवा की. शिट्टी झाल्यावर."

"आन् शिट्टी कोन मारनार? पंचांचा तर अजून पत्ता न्हाई."

मुलगी सरळ उभी राहिली. पांढरी पँट, पांढरा शर्ट, केसांची घट्ट वेणी, नाकाच्या शेंड्यावर फक्कीचा ठिपका... आणि गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. तिने ती शिट्टी नुसती उचलून त्याला दाखवली. मागे अमृतवाडी कारखान्याचा सगळा संघ फिदीफिदी हसला, आणि अकोले तालुक्याच्या डोंगरातून आलेला तो सावळा, उंच गडी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

ती यशोधरा. श्रीरामपूरच्या कॉलेजात असताना कबड्डीच खेळायची, पण गुडघा गेला तसं खेळणं गेलं, आणि मैदान काही सुटेना म्हणून तिने पंचाची परीक्षा दिली. शहाण्णव सालच्या त्या हिवाळ्यात आपल्या भागातल्या साखर कारखान्यांनी मिळून कबड्डीची साखर लीग काढली. खेळाडू पगारी, सामने गावोगाव, वर लाऊडस्पीकर आणि जाहिराती. खेळाडूंना पगार आणि पंचांना नारळ-टॉवेल, अशी ती सोय होती. यशोधरा ही लीगमधली एकटीच बाई पंच. पँट घातलेली बाई पुरुषांना 'बाद' म्हणते, हे बघायला म्हणून काही लोक यायचे, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. बघा म्हणायची, तिकीट काढून बघा.

त्या दिवशी जालिंदर चढाईला गेला तेव्हा बायकापोरंसुद्धा उठून उभी राहिली. गडी खरंच देखणा खेळायचा. "कबड्डी-कबड्डी-कबड्डी" असा त्याचा दम अखंड चालायचा, कुठे खाच नाही, कुठे गाठ नाही. त्याने कोपऱ्यातल्या खेळाडूला हात लावला, वळला, आणि...

शिट्टी वाजली.

"दम तुटला. चढाई करणारा बाद!"

मैदान खवळलं. दम तुटला? जालिंदरचा? अमृतवाडीचा मॅनेजर शिव्या देत दोरीपर्यंत धावून आला. यशोधरा हात वर करून तशीच उभी होती. जालिंदर तिच्याकडे बघत राहिला. मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्याने मान हलवली आणि स्वतःचा हात सरळ वर केला.

"बाईंचं बरोबर हाय," तो मॅनेजरला म्हणाला. "मी बाद हाय."

सामना संपल्यावर तो फक्कीच्या घमेल्यापाशी घुटमळत आला.

"एक इचारू का? तुमाला कसं कळलं? आजवर कुना पंचाला ऐकू आलं न्हाई ते."

"तुमी हात लावताना एक 'कबड्डी' गिळता," ती घमेल्यातच बघत म्हणाली. "दर वेळंला. लोकांचं ध्यान हाताकडं असतं, माझं कान तोंडाकडं."

"इतकं ध्यान देऊन माझं कुनी ऐकलं न्हाई कधी..."

"ते माझं कामच हाय."

"नुसतं कामच?"

ती नाकावरची फक्की पुसायला गेली आणि हात फक्कीचाच असल्याने सगळं नाक पांढरं करून बसली. तो हसला नाही. खिशातला रुमाल तिच्या हातात ठेवून चालता झाला. आता सांगा, अशा वेळी हसला असता तर एक वेळ बरं झालं असतं. न हसणारी माणसं फार धोक्याची.

मग हिवाळाभर तेच चाललं. सामना राहुरीला असो की कोपरगावला, तो चढाईला निघाला की ती रेषेवर त्याच्या बाजूने सरकत जायची आणि त्याचा श्वास ऐकत राहायची. दुसऱ्या मुलींना प्रियकराचं अक्षर ओळखू येतं, हिला दम ओळखू यायचा. आज सर्दी आहे, आज जेवला नाही, आज घरून काही निरोप आलाय, हे तिला चढाईत कळायचं. गिळायची ती खोड मात्र त्याने हळूहळू मोडून काढली. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला त्याचं गाव होतं; सुट्टीला गेला की डोंगर चढताना मोठ्याने दम धरून सराव करायचा आणि गुरं बुजायची.

"अजून गिळतो का, तेवढं तरी सांगा," त्याने एकदा विचारलं.

"ते मी सांगायचं नसतं. मी पंच हाय."

"आन् आता? आता तर मैदान न्हाई."

तेव्हा दोघं श्रीरामपूरच्या स्टँडबाहेरच्या रसवंतीत बसली होती. चरकाची घुंगरं वाजत होती आणि पेल्यातला फेस हळूहळू खाली बसत होता.

"आता मी यशोधरा हाय," ती म्हणाली, "आन् यशोधराला कबड्डीतलं काय कळत न्हाई."

"मग यशोधराला काय कळतं?"

"रस गरम व्हायच्या आत प्यावा, एवढं कळतं."

त्याने गावाकडून तिच्या घशासाठी रानातला मध आणला. पंचाने खेळाडूकडून काही घेऊ नये असा नियम, म्हणून तिने बाटलीला हात लावला नाही. शेवटी भीमाअण्णांनी तंटा सोडवला. भीमाअण्णा हे सगळ्या पंचांचे वस्ताद. यशोधराला शिट्टी धरायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी बाटलीचं बूच काढलं, बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "मी घेतला. आता माझ्याकडनं तू घे. बसला का नियमात?" आणि दोघांकडे आळीपाळीने बघून मिशीत हसले.

संक्रांतीनंतर जालिंदर बेलापूरला यशोधराच्या घरी गेला. ओट्यावर तिचे वडील बसले होते. नाना रेल्वेत गँगमन, उभा जन्म रुळांवर गेलेला माणूस.

"जयभीम, नाना."

"जयभीम. बसा. कारखान्यात कायम हायेत का?"

"हंगामी. पर कप जिंकला तर संघातल्या सगळ्यांना कायम करनार हायत. आमच्या चेअरमननं स्टेजवर सांगितलंय."

नानांनी बराच वेळ सुपारी कातरली. आत यशोधरा चहाचं गाळणं हातात धरून उभी, चहा उतू गेला तरी तिला कळलं नाही.

"माझा बाप हंगामी हुता," नाना म्हणाले. "आमी पोरं कुटं जन्मलो आन् कुटं वाढलो, त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. तुमी मानूस चांगलं दिसता. कायम झाले की या. मग मी न्हाई म्हननार न्हाई."

यात वाईट काय म्हणायचं? नानांचं चूक नव्हतं, जालिंदरचं नव्हतं. सगळ्यांचंच बरोबर असलं की माणसाने तक्रार करायची तरी कुणाकडे? दोघांचं लग्न आता त्या कपात जाऊन बसलं होतं, आणि कप दोन सामन्यांवर होता.

उपांत्य सामन्यात भीमाअण्णांनी अमृतवाडीचा एक खेळाडू बाद दिला. निर्णय चोख होता. तरी सामना अमृतवाडीनेच जिंकला. पण मॅनेजरच्या डोक्यातला राग उतरला नव्हता. मैदानातून बाहेर येणाऱ्या अण्णांच्या कानशिलात त्याने इतक्या जोराने भडकावली, की अण्णा खाली बसले आणि कानातून रक्त आलं. पडदा फाटला होता. ज्याचं सगळं काम कानावर, त्या माणसाचा उजवा कान गेला.

लीगची कमिटी म्हणाली, किरकोळ बाचाबाची झाली. पंच म्हणाले, मॅनेजरला लीगमधून काढा, जाहीर माफी मागा, अण्णांचा दवाखाना करा, मैदानात बंदोबस्त द्या, आणि खेळाडूंसारखं पंचांनाही रीतसर मानधन द्या. तोवर एकही पंच मैदानात पाय ठेवणार नाही. कमिटीतला एक जण हसून म्हणाला, "पंच काय, एक हाळी दिली की पायलीचे पन्नास मिळतील." आणि फायनलसाठी बाहेरगावचे चार हौशी लोक पांढरे कपडे घालून आणायचं ठरलं.

पण अमृतवाडीचा चेअरमन लीगच्या कमिटीचाही प्रमुख होता, आणि तो मनातून हलला होता. त्याने अण्णांकडे निरोप धाडला, फायनल कशी होते बघू, लोकांनी गोंधळ घातला तर मी स्वतः माफी मागायला येतो. सगळ्या पंचांना समजलं, आता फक्त गप्प बसायचं. एक दिवस.

"शिट्ट्या गळ्यात असू द्या," अण्णा डाव्या कानामागे हात धरून म्हणाले. "दंडाला काळी फीत लावा आन् दोरीच्या कडंला पैल्या रांगंत बसा. लोकांना दिसू दे, पंच हितं हायत आन् काम बंद हाय. कुनी तोंडातनं चकार शबूद काढायचा न्हाई."

फायनलच्या आदल्या सांजेला जालिंदर तिला नदीच्या घाटावर भेटला. वाऱ्याला कारखान्याच्या मळीचा वास येत होता.

"यशू, अण्णांना मारनारा माझाच मॅनेजर हाय. मी उद्या न्हाईच खेळलो तर?"

"तर नानांना काय सांगाल?"

"तेच तर कळंना... तूच सांग."

ती पाण्यात खडे टाकत बसली. खेळू नका म्हणावं, तर संसार जातो. खेळा म्हणावं, तर अण्णांच्या रक्ताळलेल्या कानाकडे कुठल्या तोंडाने बघायचं?

"तुमी खेळा," ती शेवटी म्हणाली. "मी दोरीपाशी बसते. दोघं आपापलं काम करू. उद्या कुनी कुनाकडं बघायचं न्हाई."

"बघायचं न्हाई," तो म्हणाला. आणि त्याच वेळी दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

फायनल शिर्डीजवळ होती. दुकानांतून आणलेल्या गुलाबाच्या हारांनी स्टेज मढवलं होतं, माणसं झाडांवर चढली होती. काळ्या फिती लावलेले पंच दोरीला लागून मांडी घालून बसले. हौशी पंचांनी पहिल्या डावातच घोळ घालायला सुरुवात केली. लोक हुर्यो करू लागले, स्टेजवर चेअरमन घाम पुसू लागला. अण्णांनी यशोधराच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच दाबला. जमतंय, पोरी.

आणि असं जमत असतानाच शेवटची चढाई आली. सोनमळा कारखान्याचा संघ एका गुणाने पुढे. जालिंदरला दोन गडी मारायचे होते. दोन मारले की कप, कप म्हणजे कायम, कायम म्हणजे बेलापूरचा ओटा आणि नाना. यशोधरा खाली मातीकडे बघत होती. ठरलं होतं ना, बघायचं नाही. पण कानांना कुणी सांगितलं होतं?

सगळं मैदान श्वास रोखून गप्प झालं. त्या शांततेत फक्त त्याचा दम... कबड्डी-कबड्डी-कबड्डी... तिच्याकडे येणारा, अगदी दोरीपर्यंत. पायाने एक गडी. कबड्डी-कबड्डी. हाताने दुसरा, तिच्या समोरच, वावभर अंतरावर. तिने मान वर केली. तो वळताना त्याची नजर तिच्यावर पडली. आणि एक 'कबड्डी' आलीच नाही.

शिट्टी वाजली.

कर्कश, लांब, चोख शिट्टी. खेळाडू सवयीने जागच्या जागी थांबले. यशोधरा उभी होती, हात वर, ओठांत शिट्टी. आपण उभ्या आहोत हे तिला सगळ्यांनंतर कळलं. स्वयंपाक करणाऱ्या बाईचा हात उतू जाणाऱ्या दुधाकडे जसा आपोआप जातो, तसं ते झालं होतं.

"बाहेरची शिट्टी धरायची न्हाई!" मॅनेजर किंचाळला. "पंचानं दिलेलं न्हाई! दोन गुन आमचे!"

हौशी पंच एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. नियमाने मॅनेजरचंच खरं होतं. ती शिट्टी हवेत सोडून दिली असती तर कप अमृतवाडीचा होता. मधोमध जालिंदर उभा होता, घामाने निथळत. त्याने यशोधराकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. नको, असं ती म्हणत होती का? की बरोबर आहे, असं? तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्याने हात सरळ वर केला.

"दम तुटलाय. मी बाद हाय."

सोनमळ्याच्या लोकांनी फटाके लावले. आणि त्या धुरातून लाऊडस्पीकर बोलू लागला. कमिटीवाला हुशार माणूस, संधी कशी सोडेल? "बंधूंनो, आज फायनलचा निकाल संपावरच्या पंचबाईंनीच दिलेला हाय! म्हनजे पंच कामावर आले! संप मिटला! टाळ्या वाजवा मंडळी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमनने घाम पुसायचं थांबवलं. तो माफी मागायला आला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पंधरवड्याच्या आत पुढच्या लीगसाठी बाहेरगावचे पंच कायम झाले, आणि जुन्यांपैकी काही जण नारळ-टॉवेलवर मुकाट परत गेले.

बाकीचे पंच तिच्याकडे न बघता फिती सोडत होते. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. अण्णा डावा कान तिच्याकडे करून बसले होते.

"खरंच तुटला हुता?"

"व्हय, अण्णा. गिळला न्हाई, तुटलाच."

"मग निर्नय बरोबर हुता." अण्णा कष्टाने उठले. "पर आज द्यायचा नव्हता, पोरी... आज न्हाई."

तिने शिट्टीची दोरी गळ्यातून काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी नको म्हटलं नाही.

अमृतवाडीने जालिंदरला हंगाम संपायच्या आधीच कामावरून काढलं. हातातला कप स्वतः हात वर करून घालवणारा खेळाडू कुणाला हवा असतो? नानांनी यशोधराला एक शब्दही लावला नाही. फक्त मनमाडचं एक स्थळ आलंय म्हणाले, रेल्वेतलं, कायम. येऊन बघून जाऊ दे म्हणाले.

जालिंदर वापीला निघाला, कुठल्याशा केमिकल कंपनीत, तिथेही हंगामीच. ती श्रीरामपूरच्या स्टँडवर गेली. उन्हाळा लागला होता. रसवंतीत गर्दी होती, पण दोघांनाही तिकडे जावंसं वाटलं नाही. तो गाडीत खिडकीशी बसलेला, ती खाली उभी, मध्ये गाडीचा तापलेला पत्रा.

"मला पन न्या," ती म्हणाली.

"कुटं नेऊ? मलाच गाठोडं ठेवायला जागा न्हाई अजून."

"मग मी थांबते."

"तू थांबशील. नाना थांबनार न्हाईत, आन् त्यांनी का थांबावं?"

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं, सगळी गाडी थडथडू लागली. तिने खिडकीची दांडी पकडली.

"तुमी हात का वर केला? शिट्टी तर धरनार नव्हते... कप मिळाला असता. सगळं मिळालं असतं."

"तू खोटी ठरली असतीस की सगळ्यांच्या पुढं." तो तिच्या बोटांकडे बघत होता. "आन् खरं सांगू? तुला बघितलं म्हनून तुटला. ठरवलं हुतं बघायचं न्हाई... न्हाई जमलं."

ती रडू लागली, स्टँडभर माणसं असताना, तोंडसुद्धा न झाकता.

"यशू, एक सांग. परत तसंच झालं, मी चढाईला, तू दोरीला, आन् माझा दम तुटला... तर मारशील शिट्टी?"

नाही म्हणायला काय लागत होतं? एवढंसं खोटं, जाणाऱ्या माणसासाठी.

"मारीन," ती म्हणाली.

तो हसला. इतकं मोकळं, की त्याचे डोळे भरून आले.

"म्हनून तर जीव जडला तुझ्यावर. त्या पैल्याच दिवशी, नाक पांढरं केलंवतंस तवा."

"जालिंदर... जाऊ नको ना." पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली होती.

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली. दांडी हातातून निसटली आणि ती चार पावलं धावली, पण गुडघा जुनाच होता. स्टँडच्या फाटकातून गाडी वळली तेव्हा खिडकीतून एक हात बाहेर आला. निरोपासारखा हलत नव्हता, सरळ वर उभा होता, मैदानात बाद झालेल्या खेळाडूचा असतो तसा.

"ओ, हात आत घ्या!" कंडक्टर ओरडला.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्याने तो घेतला नाही.